पालवणकर बाळूंचा विलायती हंगाम

क्रिकेटच्या धावा लिहायची वही ही मोठी कोरडी वस्तू आहे. फलंदाजाचं नाव, त्याच्या धावा, तो कसा बाद झाला आणि कुणी बाद केला, एवढंच तिच्यात लिहितात. जात, धर्म, पगार, घरची परिस्थिती यांचे रकाने तिच्यात नसतात. 1911 सालच्या उन्हाळ्यात विलायतेच्या मैदानांवर अशा ज्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांत बाद करणाऱ्याच्या रकान्यात ‘बाळू’ हे नाव 114 वेळा आलं. हे बाळू म्हणजे पालवणकर बाळू. इंग्रजी वर्तमानपत्रांतले पी. बाळू. डावखुरे फिरकी गोलंदाज, मराठी माणूस, जन्मानं चर्मकार. हिंदुस्थानचा संघ म्हणून जो पहिला संघ विलायतेला गेला, त्याचा सारा भार या एका माणसाच्या डाव्या खांद्यावर होता.

आमच्या परतूरला संध्याकाळी मैदानावर टेनिसच्या चेंडूनं खेळणाऱ्या पोरांना आपले मोठे फिरकी गोलंदाज कोण असं विचारलं, तर ती बेदी, कुंबळे, अश्विन, जडेजा अशी नावं धडाधड सांगतील. बाळूंचं नाव क्वचितच निघेल. त्यात पोरांचा दोष नाही. बाळू खेळले तेव्हा हिंदुस्थानला कसोटी सामन्यांचा दर्जाच नव्हता. आपला पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला तो 1932 साली, आणि तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. ज्या वहीतून आपण पराक्रम मोजतो, ती उघडण्याआधीच त्यांचा खेळ संपलेला होता.

पण आज मला नुसता विक्रम सांगायचा नाही. एखादा माणूस परमुलखात जातो, पहिल्याच हंगामात नाव काढतो आणि परत येतो. त्या नावाचं आपल्या घरी पुढं काय होतं? बाळूंची गोष्ट या प्रश्नासाठी ऐकण्यासारखी आहे.

बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. आडनाव सांगतं की मूळ घराणं कोकणातलं. वडील लष्करी खात्यात नोकरीला होते, त्यामुळं मुलं वाढली पुण्यात, छावणीच्या आसऱ्यानं. बाळू थोरले, त्यांच्या पाठीवर शिवराम, विठ्ठल आणि गणपत. चौघंही पुढं क्रिकेटमध्ये नावाला आले. लष्करी साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर या पोरांनी खेळाचे पहिले धडे गिरवले.

शाळा फार झाली नाही. घराला हातभार लावायचा म्हणून बाळू कामाला लागले, आणि काम मिळालं तेही मैदानावरच. पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. काम संपलं की सभासदांना सराव म्हणून अधूनमधून चेंडू टाकायचे. पुढं 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथं पगार झाला चार रुपये. काम तेच, झाडणं, रोलर, जाळी बांधणं. पण तिथल्या एका साहेबाच्या लक्षात आलं की रोलर ओढणाऱ्या या पोराचा डावा हात काही वेगळा आहे. त्यानं त्याला जाळीत गोलंदाजी करायला सांगितलं.

आता डावखुऱ्या फिरकीची मेख काय असते ते थोडक्यात सांगतो. उजव्या हातानं खेळणाऱ्या फलंदाजाला वाटतं की चेंडू आपल्या अंगाकडे येतोय. तो तसा बॅट पुढं करतो. टप्पा पडला की चेंडू उलट दिशेला वळतो आणि बॅटची कड चाटून, नाहीतर बॅटला चकवून, यष्टींकडे निघून जातो. बाळूंजवळ याच्या जोडीला आणखी बरंच काही होतं. ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवायचे, कधी उंच सोडायचे, कधी सपाट, आणि वेग असा बदलायचे की हातावरून काही कळू नये. पुढं इंग्रज जाणकार त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी करू लागले. ऱ्होड्स म्हणजे त्या काळातला डावखुऱ्या फिरकीचा बादशहाच.

ही कला बाळू कुणा गुरूकडे शिकले नाहीत. ते शिकले ते मजुरीतून. पूना क्लबात जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. हँपशायरकडून खेळलेला, हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांमध्ये अव्वल. ‘जॉन ग्लेनी’चा उच्चार लोकांच्या तोंडी ‘जंगली’ झाला होता आणि तो सगळीकडे ‘जंगली ग्रेग’ म्हणूनच ओळखला जाई. हा ग्रेग बाकीची मंडळी यायच्या आधी मैदानावर येऊन तासन् तास बाळूंकडून चेंडू टाकून घ्यायचा. आपल्याला बाद केलंस की आठ आणे, असा त्याचा बाळूंशी करार होता म्हणतात. महिना चार रुपये मिळवणाऱ्याला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार. ग्रेगला त्यातून फलंदाजीचा सराव झाला आणि बाळूंना उत्तम फलंदाजाला बाद करण्याचा.

एक गोष्ट मात्र पाहा. पूना क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती तिथं बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती. बाळूंच्या आयुष्यात हा हिशेब शेवटपर्यंत चालला. काय हातात द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे दरवेळी दुसराच कुणी ठरवत होता.

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता आणि गोऱ्यांच्या क्लबाला हरवावं ही त्याची मोठी इच्छा होती. बाळूंना घेतलं तर ते जमण्यासारखं होतं. पण अस्पृश्याबरोबर खेळायचं कसं? सभासदांत दोन तट पडले. काही तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूनं होते, पुणेरी ब्राह्मण मंडळींपैकी बरेच विरोधात होते. तेव्हा ग्रेगनंच जाहीरपणे सांगितलं की जातीपायी अशा गोलंदाजाला मुकणं हा शुद्ध वेडेपणा होईल. शेवटी बाळूंना घेतलं, पण अटींवर. मैदानात ते सगळ्यांबरोबर खेळणार आणि सगळे एकाच चेंडूला हात लावणार. चहाची सुटी झाली की बाकीचे मंडपात, आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यातून, जे नंतर फेकून द्यायचं. जेवण वेगळ्या जागी, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचं तर मैदानाच्या कोपऱ्यात, आणि तिथं पाणी देणारा नोकरही अस्पृश्यच.

आपण ही हकिकत ऐकून हळहळतो आणि पुढं जातो. पण जरा थांबून यातला तर्क बघा. चेंडू चामड्याचा. तो बाळूंच्या घामानं ओला व्हायचा, त्यांच्या बोटांतून यष्टिरक्षकाच्या हाती जायचा, तिथून दहा जणांच्या हातांतून फिरून परत यायचा. तो चेंडू विटाळत नव्हता. कपबशी मात्र विटाळत होती. चेंडूशिवाय सामना जिंकता येत नव्हता, कपबशीशिवाय येत होता. शास्त्र कुठं वाकवायचं आणि कुठं नाही, ते गरज ठरवत होती.

बाळू बळी घेत राहिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी केली, अशी हकिकत आहे. बाळूंनी त्या दगडावरही सात गडी टिपले. मग पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी जाहीर सभेत त्यांच्या गळ्यात हार घातला, ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खायला-प्यायला हरकत काय, असा सवाल केला, असं सांगतात. पुढं लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. सामने जिंकत गेले तसा मातीच्या भांड्याचा नियम सैल होत गेला. बाळूंना कुणी हक्क म्हणून कप दिला नाही. तो त्यांना एकेका बळीच्या किमतीला घ्यावा लागला.

1896-97 च्या सुमाराला प्लेग आला आणि पालवणकर कुटुंबानं पुणं सोडून मुंबई गाठली. बाळू आधी लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न निघाला. काही सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. पाठोपाठ शिवरामही आले.

त्या काळी मुंबईचं मोठं क्रिकेट धर्मावर चालायचं. युरोपियनांचा संघ, पारशांचा संघ, हिंदूंचा संघ, 1912 पासून मुसलमानांचाही. आज हे चमत्कारिक वाटेल. पण या रचनेत एक पेच दडलेला होता. संघाचं नाव ‘हिंदू’ ठेवलं, की हिंदू कोण हे ठरवावं लागतं. बाळू हिंदू संघाचे मुख्य गोलंदाज असतील, तर ते हिंदू आहेत. आणि ते हिंदू असतील, तर देवळाच्या पायरीवर, पाणवठ्यावर, पंगतीत ते कोण? 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. बाळू आणि शिवराम दोघंही त्या संघात होते. स्वदेशीचे दिवस होते, विजयाचा जल्लोष मोठा झाला. सुधारकी पत्रांनी मात्र नेमका हा पेच उचलला. राष्ट्राच्या इभ्रतीसाठी भेद बाजूला ठेवता येतो, हे मैदानावर दिसलं. मग मैदानाबाहेर अडचण कसली?

अशा पार्श्वभूमीवर 1911 साल उजाडलं. हिंदुस्थानचा एक संघ विलायतेला पाठवायचा, ही कल्पना बरीच वर्षं रेंगाळली होती. मधे एक-दोन वेळा आपसातल्या भांडणांनी ती मोडली होती. या खेपेला जुळलं. संघात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार म्हणून पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचं वय तेव्हा एकोणीस. पारशांमध्ये डॉ. कांगा, मेहेरहोमजी, वॉर्डन; मुसलमानांत सलामुद्दीन खान, शफकत हुसेन; हिंदूंत मुकुंद पै, जयराम, शेषाचारी आणि बाळू व शिवराम हे पालवणकर बंधू. धर्मावर भांडणाऱ्या क्रिकेटमधून एक हिंदुस्थानी संघ पहिल्यांदाच उभा राहिला, आणि त्यात दोन अस्पृश्य भाऊ होते. मे महिन्यात मुंबईहून बोट निघाली.

बाळूंचं वय तेव्हा पस्तीस. परदेशातला पहिला हंगाम म्हणजे आपल्या डोळ्यांपुढं वीस-बावीस वर्षांचं पोर येतं. इथं नवखेपणा मुलखाचा होता. हाताला मात्र वीस वर्षांची मेहनत झालेली होती. थंड हवा, वेगळी माती, रोज वेगळं गाव, आठवड्यात दोन-दोन सामने. आणि कर्णधाराचं म्हणाल तर पंचम जॉर्जचा राज्याभिषेक त्याच वर्षी 22 जूनला लंडनमध्ये होता. महाराजांना तिथल्या समारंभांतून सवड कुठली? काही सामन्यांनंतर ते संघाबरोबर दिसेनासे झाले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सचिव केकी मिस्त्रीही, जे संघातले चांगले फलंदाज होते. उरलेल्यांनी हंगाम ओढला.

निकाल काही झगझगीत नव्हते. एकूण 23 सामन्यांत सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले. त्यांतले चौदा सामने प्रथम श्रेणीचे. त्यांत विजय फक्त दोन, लिस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. आता या पडझडीत बाळूंचे आकडे ठेवून पाहा. सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी, दर बळीमागं सुमारे 19 धावा देऊन. त्यांतले प्रथम श्रेणीतले 75, सरासरी 20.12. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत आठ बळी. लिस्टरशायरविरुद्धच्या विजयात दोन्ही डावांत मिळून अकरा. सॉमरसेटविरुद्ध संघ एक गडी राखून जिंकला, त्यात शिवरामचं नाबाद शतक होतं. म्हणजे ज्या दोन विजयांवर त्या दौऱ्याची अब्रू राहिली, त्या दोन्हींवर पालवणकरांच्या घराची सही होती.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. 1911 चा इंग्लंडचा उन्हाळा अतिशय कडक आणि कोरडा होता. फिरकी गोलंदाजाला पाऊस हवा असतो. पाऊस पडून वर ऊन आलं की ओलसर खेळपट्टीवर चेंडू हवा तसा वळतो. कोरड्या, टणक खेळपट्टीवर त्याच्या हाती भूल आणि धीर एवढंच उरतं. साताऱ्यात आठवडाभर रोलर फिरवून जे केलं होतं, ते इंग्लंडमध्ये त्या वर्षी उन्हानं केलं. शिवाय झेल सुटत होते, धावफलकावर आपल्या संघाच्या धावा अपुऱ्या होत्या आणि दुसऱ्या टोकाकडून तोलामोलाची साथ नव्हती. हरणाऱ्या संघाकडून 114 बळी घेणं आणि जिंकणाऱ्या संघाकडून घेणं यांत फरक असतो. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला बहुतेक वेळा प्रतिपक्षाचे दोन डाव मिळत नाहीत. एकाच डावात मिळतील तेवढे बळी त्याला वेचावे लागतात.

विलायत काही समतेचं माहेरघर नव्हतं. राज्य त्यांचं होतं, आपण त्यांची रयत होतो, आणि गोऱ्या-काळ्याचा भेद त्यांच्या हाडीमासी होता. पण बाळूंच्या जातीचा अर्थ तिथल्या प्रेक्षकाला कळत नव्हता. त्याला दिसत होता एक डावा हात आणि त्यातून सुटणारा चेंडू. ज्या समाजात माणसाची किंमत तो मैदानात उतरण्याआधीच ठरलेली असते, तिथून आलेल्या माणसाला उन्हाळाभर नुसता गोलंदाज म्हणून जगायला मिळणं, याची किंमत आपण आकड्यांत सांगू शकत नाही.

बाळूंची सगळी प्रथम श्रेणीची कारकीर्द अवघ्या 33 सामन्यांची. त्यांत बळी 179, सरासरी 15.21. त्यांतून विलायतेतले 75 वजा केले, तर मायदेशातले 104 बळी उरतात आणि सरासरी बाराच्याही खाली येते. इतकी भेदक गोलंदाजी, आणि पंधरा वर्षांत मायदेशी सामने इतके थोडे. ही कारकीर्द सुरूही झाली 1906 साली, बाळू तिशीला टेकले तेव्हा. सोळाव्या वर्षापासूनची त्यांची गोलंदाजी, ग्रेगला टाकलेले हजारो चेंडू, साताऱ्याचे सात बळी, यांतलं काहीच त्या आकडेवारीत नाही. म्हणून विलायतेचा हंगाम मोलाचा. त्या एका उन्हाळ्यात त्यांना रोजच्या रोज मोठं क्रिकेट मिळालं आणि ते रोजच्या रोज लिहून ठेवलं गेलं.

बोट मुंबईला परत आली, तेव्हा दलित समाजातल्या मंडळींनी बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभातलं मानपत्र एका तरुण विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, असं चरित्रकार नोंदवतात. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. ते तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आपल्यातल्या एका माणसानं साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद केलं, ही गोष्ट त्या तरुण मनाला काय देऊन गेली असेल, याची कल्पना करता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या नावाचं घरी काय झालं? 1912 पासून चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू संघात बाळूंएवढा अनुभवी, जाणता खेळाडू दुसरा नव्हता. कर्णधार कोण, हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि उत्तर दरवर्षी दुसरंच असायचं. चेंडू मिळाला, उशिरा का होईना कप मिळाला. कर्णधारपद मात्र मिळेना. कारण कर्णधार हुकूम देतो. इतर दहा जण त्याचं ऐकतात. अस्पृश्यानं घेतलेला बळी चालत होता, त्यानं दिलेला हुकूम चालण्यातला नव्हता. 1913 साली कर्णधार मुकुंद पै यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी उठून सरळ सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा होता. स्वतःच्या सत्कारात असं बोलायला मन मोठं लागतं.

1920 साली प्रकरण ऐरणीवर आलं. पै आजारी पडले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. देवधर स्वतः थोर फलंदाज होते, त्यांच्या योग्यतेचा हा वाद नव्हता. वाद होता निवडणाऱ्यांच्या हेतूचा. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून नाव काढून घेतलं आणि जाहीर पत्रक काढून कारण सांगितलं, की आमच्या थोरल्या भावाची ज्येष्ठता केवळ जातीमुळं डावलली गेली. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. ते वर्ष असहकाराचं होतं, गांधीजी अस्पृश्यता-निवारणाचं बोलत होते. अंतिम सामन्याला पै बरे होऊन कर्णधार म्हणून आले. तिघंही भाऊ संघात परतले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघाचं नेतृत्व करावं. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला आयुष्यात एवढंच कर्णधारपद लाभलं, तेही मित्रानं मैदान सोडून दिलेलं.

पण दार किलकिलं झालं होतं. 1923 साली हिंदू संघाचं कर्णधारपद विठ्ठलकडे आलं आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. पी. विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र 1948 साली निघालं, त्यातून त्या दिवसांची घरातली बाजू आपल्याला कळते. बाळूंच्या नावाचं काय झालं, याचं एक उत्तर इथं आहे. जे पेरलं ते थोरल्यानं, आणि कापणी झाली धाकट्याच्या हातून.

दुसरं उत्तर राजकारणात आहे, आणि ते सरळ नाही. बाळूंचा ओढा गांधीजींकडे आणि काँग्रेसकडे राहिला. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना उभं केलं ते कुणाविरुद्ध? बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. ज्यांचं मानपत्र लिहिलं, त्यांच्याशीच लढत. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. बाबासाहेब निवडून आले. काही लोक या एका गोष्टीवरून बाळूंना बाजूला सारतात. मला ते बरोबर वाटत नाही. हिंदू समाजातच राहून, त्यातल्या चांगल्या माणसांना हाताशी धरून एकेक दार उघडायचं, हा बाळूंच्या आयुष्याचा अनुभव होता. रानडे, कीर्तिकर, पै अशी माणसं त्यांना भेटली होती. ही दारं एकेका बळीच्या किमतीला का उघडावी लागावीत, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. सगळेच काही 114 बळी घेऊ शकत नाहीत. ज्याला फिरकी टाकता येत नाही, त्यालाही कप मिळाला पाहिजे. बाबासाहेबांचा प्रश्न मोठा होता, आणि तो विचारता येण्याइतकी जागा तयार करण्यात बाळूंच्या डाव्या हाताचाही वाटा होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

1950 साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते बाबासाहेब. पुढं 1955 साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा संसदेनं केला आणि 1 जूनपासून तो लागू झाला. त्यात सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरायला मनाई करणं हाही गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. कपबशीचा प्रश्न देशाच्या कायद्यात आला. त्यानंतर महिन्याभरानं, 4 जुलै 1955 रोजी, मुंबईत पालवणकर बाळू वारले.

मुंबईत प्रभादेवीला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, पाटीवरचं ‘पी. बाळू’ हे नाव वाचतात आणि हे कोण, असं फारसं कुणी विचारत नाही. रामचंद्र गुहांनी 2002 साली आपल्या क्रिकेट-इतिहासात आणि प्रशांत किदंबींनी 2019 साली 1911 च्या दौऱ्यावरच्या ग्रंथात त्यांना पुन्हा उजेडात आणलं. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. विठ्ठलनी मात्र आपली हकिकत मराठीत लिहिली होती, ती मराठीतच मागं पडली.

वहीत 114 बळींची नोंद आहे, ती पुसली जाणार नाही. मातीच्या भांड्याची नोंद कुठल्याही वहीत नाही. ती माणसांनी माणसांना सांगूनच टिकते. तेव्हा बाळूंचे बळी पोरांना सांगाल, तेव्हा भांड्याचीही गोष्ट सांगा.